लॅमिंग्टन रोडवरील जुना बाजार

मुंबईंतील पुष्कळ रस्त्यांस दोन नांवें असतात. एक पाटीवरचें आणि एक लोकांच्या तोंडचें. ऑपेरा हाऊसपासून मुंबई सेंट्रलच्या बाजूस जाणारा जो रस्ता पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणून मिरवतो, त्यास टॅक्सीवाला, हमाल आणि गिऱ्हाईक हे तिघेहि अद्याप लॅमिंग्टन रोड असेंच म्हणतात. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ पासून १९०७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. चार वर्षांचा कारभार संपवून ते विलायतेस परत गेले. नांव मात्र शंभर वर्षांनंतरहि लोकांच्या जिभेवर राहिलें आहे. कोणती गोष्ट टिकेल आणि कोणती नाहींशी होईल ह्याचा नेम नाहीं, हा धडा ह्या रस्त्याच्या नांवापासूनच सुरू होतो.

ह्या रस्त्याचा संबंध फार दिवसांपासून डोळ्यांस व कानांस रिझविणाऱ्या वस्तूंशीं जडलेला आहे. दक्षिणेच्या टोकाशीं रॉयल ऑपेरा हाऊसची भव्य वास्तु उभी आहे. १९११ सालीं पंचम जॉर्ज बादशहांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें, पुढें ती कित्येक वर्षें बंद पडून राहिली, आणि डागडुजी होऊन २०१६ सालीं पुन्हां उघडली. थोडें पुढें गेलें म्हणजे नाझ चित्रगृहाची इमारत लागते; चित्रपट-वितरकांच्या कचेऱ्यांमुळें ती एके काळीं हिंदी चित्रव्यवसायाची मोठी पेठच होती. मिनर्व्हा चित्रगृहांत १९७५ सालीं लागलेला 'शोले' पांच वर्षें उतरला नाहीं. आज तें जुनें मिनर्व्हाहि उरलेलें नाहीं. ह्या चित्रगृहांच्या शेजारीं रेडिओ, ध्वनिवर्धक आणि त्यांचे सुटे भाग विकणारीं दुकानें वाढलीं. रेडिओ मागें पडल्यावर त्याच फळ्यांवर दूरचित्रवाणीचे संच आले, आणि त्यांच्या मागोमाग संगणक आले.

ऑपेरा हाऊसहून गिरगांवांत कांहीं मिनिटें चाललें म्हणजे जेथें मॅजेस्टिक चित्रगृह होतें ती जागा येते. १४ मार्च १९३१ रोजीं 'आलम आरा' हा आपल्या देशांतील पहिला बोलपट तेथें प्रथम दाखविला गेला. गर्दी एवढी लोटली कीं, ती आवरण्यास पोलिस बोलवावे लागले. आज त्या बोलपटाची एकहि प्रत उपलब्ध नाहीं; कांहीं छायाचित्रें व जाहिराती तेवढ्या उरल्या आहेत. उलट पुढच्याच वर्षीं, १९३२ सालीं, प्रभात कंपनीनें काढलेला 'अयोध्येचा राजा' आपण आजहि पाहूं शकतों. हा फरक गुणांचा नव्हे. एकाची प्रत कोठें तरी शिल्लक राहिली आणि दुसऱ्याची राहिली नाहीं, एवढाच तो फरक आहे. आम्ही लॅमिंग्टन रोडवर गेलों तें ह्या 'एवढ्याच' फरकासाठीं.

आमच्या पुण्याच्या घरीं तीन बंधूंचीं कुटुंबें एकत्र राहतात. माळ्यावर वाडवडिलांच्या मोडी कागदांचे सात रुमाल आहेत. त्यांखेरीज लग्नामुंजींचीं छायाचित्रें आणि पोरांसोरांचीं चलच्चित्रें आहेत. आणि ह्या सर्वांहून मोलाची वस्तु म्हणजे आमच्या थोरल्या वहिनींच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्या. वहिनींनीं त्या आपल्या आईकडून घेतल्या, आईनें आजीकडून घेतल्या. त्या कोठें छापलेल्या नाहींत. पुष्कळ वर्षांपूर्वीं एकोणीस कॅसेटांवर त्या भरून ठेविल्या होत्या. वहिनी आज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि दम्यामुळें त्यांस गातां येत नाहीं. कॅसेटांच्या फितींस बुरशी धरूं लागली, तेव्हां आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलानें त्या ओव्या संगणकावर उतरून घेतल्या. त्यानंतर दोन पावसाळ्यांत मूळ फिती वाजेनाशा झाल्या. तेव्हां वहिनींचा तो आवाज आज फक्त आमच्या घरच्या सर्व्हरवर आहे.

सर्व्हर म्हणजे कांहीं अगम्य यंत्र नव्हे. घरांतील एक संगणक रात्रंदिवस चालू ठेवावयाचा, त्यांत मोठ्या हार्ड डिस्का बसवावयाच्या, आणि घरांतील प्रत्येकास आपल्या फोनवरून त्यांतील कागद, चित्र वा आवाज मागवितां यावा अशी सोय करावयाची. थोडक्यांत, ही घरची सामायिक कोठी होय. आमच्या कोठींत चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्का होत्या. जें एकीवर तेंच दुसरीवर, अशी जोडी. परंतु मोडीचें एक पान बारीक अक्षर नीट उमटेल अशा रीतीनें, विनासंकोच पूर्ण रंगांत टिपलें तर शंभर मेगाबाइट जागा खातें, म्हणजे हजार पानांस शंभर गिगाबाइट लागतात. हल्लींच्या फोनवर काढलेलें चांगल्या प्रतीचें चलच्चित्र एका मिनिटास तीन-चारशें मेगाबाइट घेतें. सात रुमालांपैकीं चारच टिपून झाले आणि कोठी भरली.

नव्या मोठ्या डिस्का घ्याव्या तर खर्च एकत्र कुटुंबाच्या तिजोरीसहि जड वाटावा असा. तेव्हां पुतण्यानें सुचविलें कीं, डेटा सेंटरांतून निघालेल्या जुन्या डिस्का घ्याव्या. मोठमोठ्या कंपन्यांच्या ह्या कोठारांत हजारों डिस्का अहोरात्र फिरत असतात. त्यांची हमी बहुधा पांच वर्षांची असते. हमी संपली, किंवा त्याच जागेंत अधिक सांठा मावणारी नवी डिस्क निघाली, म्हणजे चालत्या डिस्काहि काढून टाकतात. तात्पर्य, त्या मेल्या म्हणून निघत नाहींत. वयोमानानें निवृत्त होतात. आम्हीहि वयोमानानेंच निवृत्त झालेले असल्यामुळें हा युक्तिवाद आम्हांस तत्काळ पटला.

वहिनींस मात्र तो पटला नाहीं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, दुसऱ्यानें टाकलेलें भांडें आपण देवापुढें ठेवीत नाहीं. माझ्या आईच्या ओव्या तुम्ही कुणाच्या उतरलेल्या वस्तूंत ठेवणार? ती किती दिवस सांभाळील?" हा प्रश्न जुन्या समजुतीचा म्हणून उडवून लावण्याजोगा नव्हता. वहिनींपाशीं दुसरी प्रत नव्हती, आणि नवी करण्यास आवाज नव्हता. "उत्तर मिळाल्यावांचून त्या ओव्यांस हात लावणार नाहीं," असें आम्हीं त्यांस सांगितलें, आणि एका बुधवारीं पुतण्यासह निघालों.

दख्खनची राणी १९३० पासून पुणेकरांस मुंबईस नेत आहे. बोरघाट उतरतांना पुतण्यानें आम्हांस डिस्केची जातकुळी सांगितली. आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं पहिली हार्ड डिस्क बाजारांत आणली. तींत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि पन्नास लक्ष अक्षरें मावत. आज तळहाताएवढ्या आठ टेराबाइटच्या डिस्केंत आठ लक्ष कोटी अक्षरें मावतात. आंतील तबकड्या सेकंदाला १२० फेरे घेतात. केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले, तर त्यांतील एका भागाहूनहि कमी अंतरावरून वाचणारी सुई त्यांवर तरंगत असते. २०१३ पासून कांहीं डिस्कांत हवेऐवजीं हेलियम वायु कोंडून भरूं लागले. तो विरळ असल्यामुळें तबकड्यांस होणारा विरोध कमी होतो आणि वीजहि कमी लागते. असें यंत्र चालतें ह्याचेंच आश्चर्य मानावें. तें कधीं बंद पडतें ह्याचें नव्हे. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी २०१३ पासून आपल्या लाखों डिस्कांचा मृत्यूचा हिशेब प्रसिद्ध करीत आली आहे. अलीकडच्या वर्षांतील तिच्या आंकड्यांवरून शंभरांमागें वर्षाला सुमारें दीड डिस्क जाते.

बोरीबंदराहून टॅक्सीनें आम्ही ऑपेरा हाऊसपाशीं उतरलों आणि पायीं निघालों. ग्रँट रोड स्टेशनाच्या बाजूस जसें जावें तसा फुटपाथ अरुंद होत जातो. तळमजल्यावरील दुकानांत नवा माल कांचेआड मांडलेला असतो. जुना माल पाहावयाचा तर चाळीच्या अरुंद जिन्यांनीं वर जावें लागतें, किंवा गल्लीच्या पोटांतील गाळ्यांत शिरावें लागतें. तेथें डाळिंबें रचावीं तशा डिस्का रचून ठेविलेल्या होत्या. पुतण्यानें त्या पद्धतीकडे पाहूनच दोन गाळे सोडले. हार्ड डिस्केस धक्का सोसत नाहीं, आणि ज्या दुकानांत ती उघडी एकमेकींवर आदळते तेथून ती घेऊं नये, असें तो म्हणाला. तिसऱ्या गाळ्यांतील वयस्क गुजराती दुकानदारानें प्रत्येक डिस्क वीज निगराणारी पिशवी चढवून फोमच्या खणांत ठेविली होती. तेथें आम्ही बसलों.

जुनी डिस्क कशी पारखावी ह्याचा जो पाठ आम्हांस तेथें मिळाला, तो वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून सांगतों. ह्या डिस्कांच्या दोन जाती आहेत. साटा आणि सॅस. साटा जातीची डिस्क कोणत्याहि घरगुती संगणकास लागते. सॅस जातीची लागत नाहीं. तिच्यासाठीं निराळें कार्ड बसवावें लागतें. दोहोंच्या जोडणींत फरक असा कीं, साटाच्या जोडणींत मध्यें खांच असते आणि सॅसच्या जोडणींत ती भरलेली असते. त्यामुळें साटा डिस्क सॅसच्या कार्डास चालते, पण उलट चालत नाहीं. घरगुती गिऱ्हाइकें सॅसकडे वळत नाहींत म्हणून ती स्वस्त मिळते. ज्यास एक-दोनच डिस्का हव्या आहेत त्यानें साटा घ्यावी. चार-सहा हव्या असतील तर एकदां कार्डाचा खर्च करणें परवडतें, कारण एका कार्डास आठ डिस्का लागतात.

दुसरी गोष्ट डिस्केच्या प्रकृतीची नोंद. प्रत्येक डिस्क आपली नोंदवही आपल्याच पोटांत ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. आपण किती तास चाललों, किती जागा खराब होऊन बदलाव्या लागल्या, आणि किती जागा संशयित म्हणून वाट पाहत आहेत, हें तींत लिहिलेलें असतें. तासांचा आंकडा मोठा असला म्हणून घाबरूं नये. बदललेल्या व संशयित जागांचा आंकडा मात्र शून्यच असावा. आम्हांस दाखविलेल्या डिस्का सुमारें ३८,००० तास चाललेल्या होत्या, म्हणजे चार वर्षें आणि चार महिने अहोरात्र. पुतण्यास हा प्रामाणिकपणा आवडला. कारण तासांची नोंद पुसतांहि येते. २०२५ सालच्या आरंभीं युरोपांत असें उघडकीस आलें कीं, सीगेट कंपनीच्या वापरलेल्या डिस्का मधल्या कुणी तरी नोंद पुसून नव्या म्हणून बाजारांत आणल्या होत्या. त्या डिस्कांच्या पोटांत फार्म नांवाची दुसरी एक नोंदवही असते. ती तशीच राहिल्यामुळें हें बिंग फुटलें. तात्पर्य, 'शून्य तास' अशा जुन्या डिस्केपेक्षां अडतीस हजार तासांची डिस्क अधिक विश्वासाची.

तिसरी गोष्ट दोन लहान अडचणींची. मोठ्या सांठवण-यंत्रांतून निघालेल्या कांहीं डिस्कांचे खण ५१२ बाइटांऐवजीं ५२० बाइटांचे आंखलेले असतात. घरचा संगणक त्या ओळखीत नाहीं. त्या पुन्हां ५१२ च्या आंखाव्या लागतात, त्यास कित्येक तास लागतात, आणि तेवढ्या वेळांत वीज जाऊं देतां कामा नये. दुसरी अडचण अशी कीं, कांहीं डिस्का घरच्या वीजजोडणीस लाविल्या असतां फिरतच नाहींत. विजेच्या तिसऱ्या पिनेवर दाब आला म्हणजे बंद राहावें असा त्यांस हुकूम असतो. त्या पिनेवर उष्णता सोसणाऱ्या पट्टीचा बारीकसा तुकडा चिकटविला म्हणजे डिस्क सुरळीत फिरूं लागते. असल्या डिस्का बिघडलेल्या समजून फेंकून देणारे लोक आहेत, असें दुकानदार हंसून म्हणाला.

मग आम्हीं वहिनींचा प्रश्न त्यास विचारला: ही किती दिवस सांभाळील? तो म्हणाला, "काका, तें मी सांगणार नाहीं, आणि जो सांगेल त्याच्याकडून घेऊं नका. ही बंद पडली तर तुमचें काय बुडेल, तें आधीं ठरवा. कांहीं बुडणार नसेल तर घ्या. सगळें बुडणार असेल तर नवी कोरीहि घेऊं नका."

ह्या चार वाक्यांत आम्हांस उत्तर मिळालें. आम्हीं सॅस जातीच्या आठ टेराबाइटच्या सहा डिस्का घेतल्या. चार वापरावयास, एक राखीव, आणि एक घराबाहेर ठेवण्यास. एकाच दिवशीं घडलेल्या डिस्का एकाच सुमारास जाण्याचा संभव असतो, म्हणून पुतण्यानें निरनिराळ्या तारखांच्या निवडल्या. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी पडली. एक महिन्याच्या आंत दोष आढळल्यास बदलून देण्याचें वचन दुकानदारानें पावतीवर लिहून दिलें. असें लेखी वचन न देणाऱ्याकडून जुनी डिस्क घेऊं नये.

घरीं आल्यावर त्या लागलीच कोठींत बसविल्या नाहींत. आधीं परीक्षा. प्रत्येक डिस्केच्या पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत चार निरनिराळे नमुने लिहावयाचे आणि प्रत्येक वेळीं पुन्हां वाचून ताडावयाचे. आठ टेराबाइटच्या डिस्केस एका फेरीस बारा ते पंधरा तास लागतात. अशा आठ फेऱ्या, म्हणजे चार ते पांच दिवस. ह्या परीक्षेचा आणखी एक लाभ आहे. पूर्वींच्या मालकाचें कांहीं राहिलें असेल तर तेंहि पुसून जातें. दुसऱ्याचें पत्र उघडून वाचूं नये हा जो आपल्या घरांतील नियम, तोच येथें लागू समजावा. सहांपैकीं पांच उत्तीर्ण झाल्या. सहावीच्या नोंदवहींत तिसऱ्या दिवशीं संशयित जागा दिसूं लागल्या. दुकानदारानें कुरकुर न करतां ती बदलून दिली, आणि बदललेलीचीहि तशीच परीक्षा झाली. मग पुतण्यानें कार्ड बसविलें. तें फार तापतें, म्हणून त्यावर लहानसा पंखा लाविला.

आतां मुख्य गोष्ट, म्हणजे रचना. १९८८ सालीं अमेरिकेंतील बर्कले येथील पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ ह्या तिघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आशय असा कीं, एका मोठ्या व महाग डिस्केवर विसंबण्यापेक्षां पुष्कळ स्वस्त डिस्का एकत्र बांधाव्या आणि त्यांतील एखादी मरणार हें गृहीत धरून हिशेब जादा लिहून ठेवावा. ह्याच पद्धतीस रेड म्हणतात. तो जादा हिशेब कसा, हें शाळेंतील उदाहरणानें सांगतों. तीन मुलांचे गुण ४०, ५५ आणि ६२ आहेत. चौथ्या रकान्यांत बेरीज १५७ लिहिली आहे. मधला आंकडा पुसला गेला तरी बेरजेंतून उरलेले दोन वजा केले कीं ५५ परत मिळतात. प्रत्यक्षांतील गणित निराळें असलें तरी तत्त्व हेंच. आमच्या चार डिस्कांत असे दोन जादा हिशेब आहेत; त्यामुळें बत्तीस टेराबाइटांपैकीं सोळाच वापरावयास मिळतात, परंतु कोणत्याहि दोन डिस्का गेल्या तरी एक अक्षरहि बुडत नाहीं. दोन कशासाठीं? एक डिस्क गेली म्हणजे नवी भरून काढतांना उरलेल्या म्हाताऱ्यांवर कित्येक तास ताण पडतो, आणि त्याच वेळीं दुसरी जाण्याचें भय असतें. चालू समूहांत एकटी डिस्क जोडून जागा वाढविण्याचा मोह मात्र कोणी धरूं नये. ती एकटी गेली तर साऱ्या समूहास घेऊन जाते.

पण डिस्क जिवंत असूनहि एखादें अक्षर चुकीचें वाचते, त्याचें काय? येथें आम्हांस आपल्या वैदिकांची आठवण झाली. संहितापाठ मुखोद्गत करून ते थांबले नाहींत; पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे पाठ त्यांनीं रचिले. क्रमांत पहिलें पद दुसऱ्याशीं आणि दुसरें तिसऱ्याशीं जोडून म्हणावयाचें. जटेंत तींच पदें उलटसुलट म्हणावयाचीं. एका पाठांत पद वा स्वर ढळला तर दुसऱ्या पाठाशीं ताडतांना तो उघडा पडतो. झेड. एफ. एस. नांवाची जी रचना आमच्या सर्व्हरवर आहे, आणि जिची मूळ संहिता सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनें २००५ सालीं सर्वांस खुली केली, ती प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची एक खूणसंख्या निराळी लिहून ठेवते. महिन्यांतून एकदां सर्व तुकडे वाचून खूणसंख्येशीं ताडावयाचे, आणि जेथें मेळ पडत नाहीं तेथें जादा हिशेबावरून दुरुस्ती करावयाची. ह्या कामास घासणी म्हणतात. आम्ही त्यास पारायण म्हणतों.

एवढें केलें म्हणजे निर्धास्त झालों असें नव्हे. चारी डिस्का एकाच पेटींत, एकाच घरांत असतात. आग, पूर, चोरी, किंवा चुकून दाबलेली एक कळ ह्यांपुढें हा सारा जादा हिशेब लटका पडतो. पुण्यांत २००३ सालीं फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांत लागलेल्या आगींत जुन्या चित्रपटांच्या फिती गेल्या, त्या निष्काळजी माणसांच्या घरच्या नव्हत्या. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरांत आमच्या मावसभावांच्या घरांतील लोखंडी पेटी छतापर्यंतच्या पाण्यांत बुडाली. तींतील पत्रव्यवहार लगदा होऊन निघाला. पेटी मजबूत होती. प्रत दुसरीकडे नव्हती. महाभारताची संशोधित आवृत्ति भांडारकर संस्थेस १९६६ सालीं पुरी करतां आली, ती काश्मीरपासून केरळपर्यंत निरनिराळ्या घरीं, निरनिराळ्या लिपींत बाराशेंहून अधिक हस्तलिखितें टिकलीं म्हणून. एकच उत्तम पोथी एकाच उत्तम पेटींत असती तर काय उरलें असतें? म्हणून आमची सहावी डिस्क नागपुरास भगिनींच्या घरीं राहते. तींतील मजकूर किल्लीवांचून उघडत नाहीं असा करून ठेविला आहे. दर सहा महिन्यांनीं कोणी जाणारें-येणारें असलें म्हणजे राखीव डिस्क ताजी करून तिकडे जाते आणि तिकडची इकडे येते.

ह्या व्यवहाराची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ह्या डिस्का डेटा सेंटरासाठीं घडलेल्या असल्यामुळें आवाज करतात. निजावयाच्या खोलींत त्या ठेवूं नयेत. आम्हीं त्या जिन्याखालच्या कोठींत ठेविल्या आहेत आणि दाराच्या खालीं-वर हवेस झरोके ठेविले आहेत. चारी डिस्का नुसत्या फिरत राहिल्या तरी महिन्यास सतरा-अठरा युनिट वीज घेतात. अचानक वीज गेली तर सर्व्हर नीट बंद व्हावा म्हणून बॅटरीची सोय अवश्य आहे. ज्यांचा सारा संग्रह एका लहान डिस्केंत मावतो, त्यांनीं ह्या खटाटोपांत न पडतां नव्या दोन डिस्का घ्याव्या आणि एक नातलगाकडे ठेवावी. त्यांचें काम तेवढ्यांत होईल. जुन्या डिस्का स्वस्त पडतात त्या पैशानें. लक्षानें त्या महागच आहेत.

सर्व सिद्ध झाल्यावर आम्हीं वहिनींस कोठीपाशीं नेऊन दुकानदाराचें उत्तर जसेंच्या तसें सांगितलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं पुतण्यास विचारलें, "एक बंद करून दाखवशील?" त्यानें चालू स्थितींत एका डिस्केची जोडणी काढली, मग दुसरीची. दोन डिस्का निजीव पडल्या असतां फोनवर ओवी लाविली. वहिनींचा तीस वर्षांपूर्वींचा आवाज जसाच्या तसा ऐकूं आला. वहिनींनीं ती ओवी संपेपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, "माझ्या आजीलासुद्धां सगळ्या येत नव्हत्या. कांहीं तिच्या जावेला येत, कांहीं नणंदेला. एकीची चुकली कीं दुसरी सांगायची. हें तसेंच दिसतें." आणि जातां जातां त्यांनीं आमच्या सुनेस बोलावून सांगितलें, "तुलाहि चार शिकवून ठेवतें. मला गातां येत नाहीं, पण म्हणून दाखवतां येतें."

डिस्कांच्या हिशेबांत हा सातवा ठेवा आम्हीं धरला नव्हता, आणि आमच्या मतें तोच सर्वांत बळकट आहे. गेल्या तीन महिन्यांत सून अकरा ओव्या शिकली आहे. ज्या वाचकांच्या घरीं अशी एकमेव प्रत असलेली वस्तु असेल, मग तो मोडी कागद असो, छायाचित्र असो वा वडील माणसाचा आवाज असो, त्यांनीं तिच्यासाठीं न मरणारी पेटी शोधीत बसूं नये. तशी पेटी लॅमिंग्टन रोडवर मिळत नाहीं आणि अन्यत्रहि मिळत नाहीं. ह्याच महिन्यांत तिची दुसरी प्रत करावी, ती दुसऱ्या गांवीं ठेवावी, आणि ती वाचतां येते कीं नाहीं हें पाहण्याचा दिवस घरच्या पंचांगावर लिहून ठेवावा. आमच्या घरीं तो दिवस दर महिन्याची शुद्ध एकादशी आहे.